खेळात अडलेल्यांसाठी

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या आठव्या पातळीत शेवटी एक जागा येते. बाहेर पडायचं दार उघडलेलं असतं, पण वाटेतली जाळी बंद असते आणि ती उघडणारी फरशी राजपुत्राच्या आवाक्यात नसते. उड्या मारून, लटकून, भिंती चाचपून माणूस दमतो. सगळ्या खेळाला मिळून साठच मिनिटं दिलेली, त्यामुळे घड्याळाचा धाक असतोच. आणि करायचं काय असतं, तर काहीच नाही. स्वस्थ उभं राहायचं. थोड्या वेळाने राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर तुरुतुरु येतो, फरशीवर चढतो आणि जाळी वर सरकते.

नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, कॉलेजच्या लॅबमध्ये, रविवारी एखाद्या काकांच्या ऑफिसात ज्यांनी हा खेळ खेळला, त्यांतल्या बहुतेकांना ही गोष्ट स्वतःहून सुचलेली नव्हती. मागे उभा असलेला एखादा मोठा मुलगा म्हणायचा, ‘हलू नकोस. उंदीर येतो.’ बाराव्या पातळीतही तेच. आरशातून निघालेली आपलीच सावली तलवार घेऊन समोर ठाकते आणि तिच्यावर वार केला की आपलाच जीव कमी होतो. तलवार म्यान करायची, सरळ तिच्या अंगावर चालून जायचं, की दोघं एक होतात. मग समोरच्या पोकळीत बेधडक पाऊल टाकायचं. पायाखाली फरशी उमटत जाते. जॉर्डन मेकनर या अमेरिकी तरुणाने १९८९ साली हे रचलं आणि देशोदेशीच्या पोरांनी ते एकमेकांना सांगत पुढे नेलं.

हे पुस्तक त्या सांगणाऱ्यांबद्दल आहे. तोंडी सांगणं पुढे लेखी झालं, लिहिलेलं अनोळखी माणसांसाठी ठेवून दिलं जाऊ लागलं, आणि त्याची राखण करायला हजारो हौशी माणसं एक पैसा न घेता बसली. त्यातून जे लिखाण साठलं त्याला मी साहित्यच मानतो. पुढच्या प्रकरणांत एकेक गाइड घेऊन त्याची घडण पाहिली आहे. त्याआधी हे लिखाण आलं कुठून, कोणी केलं आणि आज ते कोणाच्या ताब्यात आहे, एवढं या प्रस्तावनेत सांगायचं आहे.

मी हे लिहितो आहे शारजातल्या हमरिया फ्री झोनमध्ये. अजमान मागे टाकून किनाऱ्याने वर आलं की हा औद्योगिक पट्टा लागतो: खोल पाण्याचं बंदर, पोलादाचे आणि रसायनांचे कारखाने, तेलविहिरींसाठी लागणारे सांगाडे उभारणारे फॅब्रिकेशन यार्ड, कामगारांच्या राहण्याच्या वसाहती. व्हिडिओ गेमशी या जागेचा काय संबंध, असं कोणीही विचारील. माझ्यापुरता तो संबंध हँडओव्हरचा आहे. यार्डात शिफ्ट संपवून जाणारा माणूस येणाऱ्यासाठी लिहून ठेवतो: काम कुठवर आलं, कुठल्या व्हॉल्व्हला कुलूप घातलं आहे, कुठल्या वेल्डची तपासणी राहिली आहे. वाचणारा ते वाचतो तेव्हा लिहिणारा झोपलेला असतो, त्यामुळे विचारायची सोय नाही. शिवाय वाचणाऱ्याची भाषा मल्याळम, बंगाली, उर्दू किंवा टागालोग असते. म्हणून वाक्य छोटं लागतं, क्रम चुकवून चालत नाही, आणि ‘तुला माहीतच असेल’ असं काही गृहीत धरता येत नाही. चांगला वॉकथ्रू, म्हणजे खेळ पायरीपायरीने पार कसा करायचा ते सांगणारं लिखाण, मी पहिल्यांदा लक्षपूर्वक वाचलं तेव्हा मला हीच शिस्त दिसली. फरक एवढाच की हँडओव्हर लिहिणाऱ्याला पगार असतो.

अडलेल्या खेळाडूला मदत विकण्याचा धंदा फार आधीपासून होता. इन्फोकॉम ही अमेरिकी कंपनी केवळ शब्दांतून खेळायचे खेळ काढायची आणि त्यांच्यासाठी अदृश्य शाईत छापलेल्या उत्तरांच्या पुस्तिकाही विकायची. खास पेन फिरवलं की ओळ उमटे. आधी नुसती दिशा, मग जरा स्पष्ट सूचना, अगदी शेवटी उत्तर. ज्याला जेवढी मदत हवी तेवढीच त्याने घ्यावी, ही त्यातली समज मला आजही थोर वाटते. निन्टेन्डोने १९८८ साली स्वतःचं नियतकालिक काढलं, फोनवर सल्ला द्यायला माणसं बसवली. प्रिमा आणि ब्रॅडीगेम्स या प्रकाशकांची जाडजूड रंगीत पुस्तकं नव्वदच्या दशकात दुकानांत आली. आपल्याकडे यातलं फारसं काही पोचलं नाही. आपल्याकडे पोचली ती ‘काँट्रा’ या खेळात तीस जीव देणारी कळ: वर, वर, खाली, खाली, डावी, उजवी, डावी, उजवी, बी, ए. काझुहिसा हाशिमोतो या जपानी प्रोग्रामरने १९८६ च्या ‘ग्रॅडियस’साठी ती बसवली होती, कारण खेळ तपासताना तो त्यालाच झेपत नव्हता. गल्लीतल्या टीव्ही गेमवर खेळणाऱ्या मुलांना हाशिमोतो ठाऊक नव्हता, पण त्याची कळ वहीच्या मागच्या पानावर लिहिलेली असे.

मग १९९५ आलं. ऑगस्टमध्ये व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. त्याच वर्षी एतिसलात या दूरसंचार कंपनीने ते अमिरातीत आणलं. नोव्हेंबरमध्ये शारजाच्या शासकांच्या फर्मानाने हमरिया फ्री झोन स्थापन झाला, आणि त्याच महिन्याच्या ५ तारखेला अमेरिकेत जेफ व्हीझी याने ‘व्हिडिओ गेम एफएक्यू आर्काइव्ह’ हे खेळांबद्दलच्या नेहमीच्या प्रश्नोत्तरांचा संग्रह करणारं संकेतस्थळ सुरू केलं. या घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पुढे आखातात नोकरीला आलेल्या माझ्यासारख्या कित्येकांच्या आयुष्यात त्या सगळ्या शेजारी येऊन बसल्या.

व्हीझीच्या संग्रहात आरंभी शंभराच्या आसपास फायली होत्या. त्या त्याने लिहिलेल्या नव्हत्या. इंटरनेटच्या जुन्या चर्चागटांत खेळाडू एकमेकांना उत्तरं देत, ती कोणीतरी एकत्र करून ठेवत असे, आणि अँडी एडी नावाच्या खेळ-पत्रकाराने अशा फायलींचा साठा केला होता. व्हीझीने तो सहज हाती लागेल असा मांडला आणि दार उघडं ठेवलं: तुम्हीही लिहा, पाठवा. पुढच्या वर्षी त्याचं नाव गेमफॅक्स झालं. कित्येक वर्षं येणारं लिखाण तपासून चढवण्याचं काम तो जवळजवळ एकहाती करत होता.

त्या काळातली एखादी फाइल आज उघडून पाहावी. चित्र नाही, रंग नाही. सारख्या रुंदीच्या अक्षरांतला नुसता मजकूर, एक ओळ ऐंशी अक्षरांच्या आत. माथ्यावर खेळाचं नाव, तेही तारका, उभ्या रेघा आणि तिरक्या दांड्या जुळवून काढलेलं. भुयारांचे नकाशे तसेच: अधिक चिन्ह म्हणजे कोपरा, उण्याची ओळ म्हणजे भिंत, एक्स म्हणजे खजिन्याची पेटी. पुढे अनुक्रमणिका, आणि प्रत्येक भागापुढे कंसात दोन-चार अक्षरांचा संकेत. तो शोधात टाकला की थेट त्या ठिकाणी. हे कोणी शिकवलं नव्हतं. एकाने केलं, दुसऱ्याला सोयीचं वाटलं, आणि पाहता पाहता तो रिवाज झाला. अशी फाइल फ्लॉपीवर मावत असे. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेत तासाच्या हिशेबाने बसणाऱ्या मुलाला ती मिनिटभरात उतरवून घेता येई, आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापली तरी नकाशा मोडत नसे, कारण तो प्रिंटरही ऐंशी अक्षरांचीच ओळ छापायचा.

मला सर्वांत प्रिय आहे तो यातला आवृत्त्यांचा इतिहास. पहिली आवृत्ती, निम्माच खेळ झाला आहे. दुसरी, तिसऱ्या किल्ल्याचा नकाशा दुरुस्त. पुढची, अमुक टोपणनावाच्या वाचकाने कळवलं की ती किल्ली दुसऱ्या वाटेनेही मिळते, त्याचे आभार. मग परीक्षेमुळे काम थांबलं आहे, थोडं थांबा. मग पुन्हा सुरू. शेवटी आभारांची लांबलचक यादी. एका माणसाने महिनोन्‌महिने एका खेळाची काय सेवा केली याची ती रोजनिशीच असते, आणि प्रत्येक चूक कोणी दाखवली हे नावानिशी नोंदवलेलं असतं. आपल्या कितीतरी छापील पुस्तकांच्या दुसऱ्या आवृत्तीत एवढा प्रामाणिकपणा सापडत नाही.

ही मेहनत लागते कशाला, असं खेळ न खेळणाऱ्याला वाटेल. एक उदाहरण देतो. २००६ साली आलेल्या ‘फायनल फँटसी १२’ या खेळात एक जबर भाला आहे. तो ठरलेल्या पेटीत मिळावा यासाठी त्याआधीच्या प्रवासात चार विशिष्ट पेट्या उघडायच्या नाहीत. त्यांपैकी एक तर खेळाच्या सुरुवातीलाच एका म्हाताऱ्याच्या दारासमोर ठेवलेली असते. दिसायला चारचौघींसारखीच ती पेटी. खेळ तुम्हाला सावध करत नाही. उघडली, की कित्येक तासांनंतर मिळायचा भाला त्या ठिकाणी मिळणार नाही. हे ज्याने शोधलं, पुन्हा खेळून ताडून पाहिलं आणि ‘ही पेटी उघडू नका’ असं त्या पानावर वेळेत लिहिलं, त्याने न पाहिलेल्या माणसांचे तास वाचवले. वेळेत, हे महत्त्वाचं. चांगला गाइडकार वाचकाच्या दोन पावलं पुढे असतो, पण कथेचा शेवट आधी फोडत नाही. कुठे किती सांगायचं याचा तोल सांभाळणं ही लेखकाचीच कसोटी आहे.

विकीची तऱ्हा आली तेव्हा हे लिखाण बदललं. विकिपीडियाने खेळांची माहिती घेतली, पण कसं खेळायचं हे सांगणं ज्ञानकोशाचं काम नाही म्हणून बाजूला ठेवलं. ते विकिबुक्स या विकिपीडियाच्या भावंड-प्रकल्पाकडे गेलं. २००६ साली विकिपीडियाचे सहसंस्थापक जिमी वेल्स यांनी विकिबुक्स ही पाठ्यपुस्तकांची जागा आहे, खेळांच्या गाइडची नव्हे, अशी भूमिका घेतली आणि तिथूनही या गाइडांना निघावं लागलं. त्यांतली पुष्कळ पानं २००५ मध्ये सुरू झालेल्या स्ट्रॅटेजीविकीने सामावून घेतली. सगळं काम स्वयंसेवकांचं आणि मजकूर मुक्त परवान्याचा. कोणीही पान सुधारावं, कोणीही प्रत न्यावी, फक्त श्रेय द्यावं आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी.

इथे माझं मत नोंदवतो. वाचायला मला एकाच माणसाने सही करून लिहिलेली जुनी फाइल आवडते. तिला आवाज असतो, आवडनिवड असते. ‘हा राक्षस मला तीन रात्री पुरून उरला’ असं ती सांगते. विकीच्या पानावर लिहिणाऱ्याचं नाव बदलांच्या इतिहासात दडून जातं आणि भाषा सपाट होते. तरीही टिकाऊपणात विकीच सरस, हे मान्य करायला हवं. लिहिणारा नोकरीला लागला, संसारात गुंतला, वारला, तरी पान दुसरा सांभाळतो. आताचे खेळ तर दर काही आठवड्यांनी बदलतात. काल लिहिलेलं आज खोटं ठरतं. तिथे एकट्याची फाइल तग धरत नाही.

मालकीची गोष्ट मात्र अधिक गंभीर आहे, आणि हे पुस्तक लिहायला बसण्याचं खरं कारण तेच. गेमफॅक्स २००३ मध्ये सीनेट या अमेरिकी माध्यम कंपनीने विकत घेतलं. २००७ मध्ये व्हीझी बाहेर पडला. २००८ मध्ये सीनेट सीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीकडे गेलं, २०२० मध्ये तो सगळा कारभार रेड व्हेंचर्सने घेतला, २०२२ मध्ये गेमफॅक्स फँडम या विकींना जागा देणाऱ्या कंपनीच्या हाती आलं. दर वेळी करारात जे हस्तांतरित झालं त्याचं मोल कोणामुळे होतं? शाळकरी आणि कॉलेजातल्या मुलांनी, रात्रपाळी करणाऱ्यांनी, घरी बसलेल्या आजाऱ्यांनी लिहून ठेवलेल्या हजारो फायलींमुळे. लेखनाचा हक्क लेखकाकडेच राहील, हा तिथला नियम चांगला होता. पण हक्क असून ती फाइल कुठे आणि किती काळ ठेवायची हे लेखकाच्या हाती नव्हतं.

मुक्त परवान्याने काय साधतं ते विकी चालवणाऱ्यांनी दाखवून दिलं. ‘रूनस्केप’ या खेळाची प्रचंड विकी फँडमवर वाढली होती. जाहिरातींचा मारा, पानांच्या रचनेवर नसलेला ताबा यांना कंटाळून तिच्या स्वयंसेवकांनी २०१८ साली सगळा मजकूर उचलला आणि स्वतःच्या जागी नेला. २०२३ मध्ये ‘माइनक्राफ्ट’च्या विकीनेही तोच रस्ता धरला. परवान्यात प्रत नेण्याची मुभा होती म्हणूनच हे जमलं. जुनी प्रत मात्र जुन्या ठिकाणी तशीच राहते, शोधात तीच आधी दिसत राहते, आणि नव्या वाचकाला लोक कुठे गेले हे कळतच नाही. तरी ही माणसं गेली आणि पानं पुन्हा राखू लागली. कोणी पगार देत नसताना एवढी निष्ठा माणसात कुठून येते, हा प्रश्न मला या सगळ्या विषयात सर्वांत ओढून घेणारा वाटतो.

आज मदत व्हिडिओतून मिळते, गप्पांच्या खोल्यांतून मिळते, किंवा एखादं यंत्र सगळं वाचून दोन ओळींत उत्तर देतं. व्हिडिओला माझा विरोध नाही, पण एका किल्लीसाठी चाळीस मिनिटांची फीत पुढे-मागे करावी लागते. गप्पांत सांगितलेलं दुसऱ्या दिवशी वाहून जातं. आणि यंत्राचं उत्तर शेवटी कोणीतरी लिहून ठेवलेल्या पानावरच उभं असतं. लिहिणारेच उरले नाहीत तर नव्या खेळांबद्दल त्यालाही सांगण्यासारखं काही उरणार नाही.

आता मराठीकडे. खेळ कसा खेळावा हे लिहून ठेवण्याची परंपरा आपल्याकडे अजिबात नवी नाही. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचं बुद्धिबळावरचं पुस्तक मुंबईत १८१४ साली इंग्रजीत छापलं गेलं. मूळ रचना संस्कृतात, पेशव्यांच्या आश्रयाने झालेली. त्यात पटावरच्या अवघड स्थिती मांडून त्यांतून मात कशी करायची ते दाखवलं आहे. त्याला वॉकथ्रू म्हणायला काय हरकत आहे? १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम बांधले. गल्लोगल्ली वेगळ्या तऱ्हेने खेळला जाणारा खेळ कागदावर आला म्हणूनच पुढे गावांच्या आणि राज्यांच्या सीमा ओलांडू शकला. पुढे मराठीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. खेळाचं ज्ञान नीट लिहून ठेवण्यात हलकं काही आहे, असं त्या पिढीला वाटलं नाही.

आपल्या पिढीला तसं का वाटावं, हे मला कळत नाही. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला: दुर्गेचं आणि विष्णूचं बोलणं, पहाडी चित्रशैलीची पार्श्वभूमी, भावाच्या शोधात निघालेली मुलगी. पुण्यात घडलेल्या या खेळाची गाइडं मला इंग्रजीत मिळाली, मराठीत शोधून सापडली नाहीत. मराठीत बोलत खेळणारी मुलं व्हिडिओवर पुष्कळ आहेत, त्यांची भाषा जिवंत आहे, चपळ आहे. पण ती कागदावर उतरत नाही. याउलट इथे आखातात २०२३ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ हा खेळ संपूर्ण अरबी आवाजात आला तेव्हा अरब मुलांचे चेहरे मी पाहिले आहेत. आपल्या भाषेत तलवार उपसली जाते याचा आनंद वेगळाच असतो.

शारजात वाढणाऱ्या मराठी मुलांच्या आईवडिलांची एक ठरलेली तक्रार आहे: मुलं मराठी बोलतात, वाचत नाहीत. त्यांच्यापुढे आपण वाचायला ठेवतो ते बोधकथा आणि बालगीतं. बारा वर्षांच्या मुलाला ज्या गोष्टीत रात्रंदिवस रस आहे तिच्याबद्दल मराठीत एक धड पान नसेल, तर त्याने मराठी का वाचावी? ‘डावीकडच्या बुरुजावर चढ, पण दोर कापू नकोस’ असं वाक्य तो अक्षर जुळवत जुळवत का होईना, नक्की वाचील, कारण त्याला पुढे जायचं आहे.

म्हणून पुढची प्रकरणं वाचताना नुसतं कौतुक करून थांबू नका. तुम्हाला नीट येणारा एक खेळ निवडा, मग तो नवा असो की जुना, मोबाइलवरचा असो की टीव्हीवरचा. पहिल्या पातळीपासून क्रमाने मराठीत लिहायला घ्या. जिथे स्वतः अडला होतात ती जागा सविस्तर लिहा, शेवट फोडू नका, चूक दाखवणाऱ्याचं नाव आभारांत घाला. आणि ते मुक्त परवान्याने ठेवा, म्हणजे उद्या जागा विकली गेली तरी तुमचं लिखाण दुसऱ्या कोणाला उचलून नेता येईल.